मूळव्याधीवरील शस्त्रक्रियांच्या दीर्घकालीन फलितांची तुलना : एक चिकित्सक आढावा

प्रास्ताविक

मूळव्याध हा घरोघरी परिचित असलेला, परंतु ज्याविषयी उघडपणे बोलणे टाळले जाते असा विकार आहे. सुश्रुतसंहितेने 'अर्श' ह्या नावाने त्याची गणना आठ महाव्याधींत केली आहे. आज महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यम आकाराच्या गावात बाजारपेठेतून वा बसस्थानकाच्या परिसरातून फेरफटका मारला, तर ह्या विकारावरील हमखास उपचारांच्या पाट्या नजरेस पडतात. त्यांवरील भाषा अलीकडे बदलली आहे. 'खात्रीशीर इलाज' ह्या जुन्या शब्दांची जागा 'बिनटाक्याची', 'वेदनारहित', 'एका दिवसात घरी' अशा विशेषणांनी घेतली आहे. ही तिन्ही विशेषणे शस्त्रक्रियेच्या दिवसाविषयी आणि फार तर त्यानंतरच्या पंधरवड्याविषयी बोलतात. दोन वा पाच वर्षांनंतर रुग्णाची अवस्था काय असेल, ह्याविषयी ती मौन पाळतात.

हे मौन केवळ जाहिरातीपुरते असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु संशोधनपर वाङ्मयातही ते दीर्घकाळ टिकून होते, आणि त्याचा परिणाम उपचारांच्या निवडीवर झाला. प्रस्तुत लेखात पारंपरिक छेदन-शस्त्रक्रिया आणि स्टेपलरच्या साहाय्याने केली जाणारी शस्त्रक्रिया ह्यांच्या तुलनेचा इतिहास तपासून असे मांडावयाचे आहे की, ह्या तुलनेत कोणती पद्धत श्रेष्ठ ठरते हे बव्हंशी दोन बाबींवर अवलंबून राहिले : मोजमाप केव्हा केले आणि प्रश्न कोणाला विचारला.

दोन शस्त्रक्रिया, दोन कल्पना

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन व मॉर्गन ह्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेली पद्धती आजही मानदंड मानली जाते. तीत मूळव्याधीचे मोड मुळाशी बांधून कापून काढले जातात व जखमा उघड्या ठेवल्या जातात. दोन जखमांच्या मध्ये निरोगी त्वचेची पट्टी राखली जाते. अमेरिकेत फर्ग्युसन ह्यांनी १९५९ मध्ये ह्याच जखमा टाके घालून बंद करण्याची पद्धत रूढ केली. दोहोंचे तत्त्व एकच आहे : जे वाढले आहे ते काढून टाकावे. ह्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांची कीर्ती मात्र सर्वदूर पसरलेली आहे. पहिल्या शौचाच्या भीतीने अन्न वर्ज्य करणारे रुग्ण प्रत्येक शल्यचिकित्सकाने पाहिलेले असतात.

१९७५ साली टॉमसन ह्यांनी मूळव्याधीच्या स्वरूपाविषयी एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मूळव्याध म्हणजे फुगलेल्या नीला नव्हेत. गुदमार्गात सर्वांनाच जन्मतः असणाऱ्या मऊ 'उशा' आधार सैल झाल्याने खाली सरकतात, असे प्रतिपादन त्यांनी केले. इटलीतील लोंगो ह्यांनी १९९८ मध्ये मांडलेली स्टेपलर पद्धती ह्या कल्पनेशी सुसंगत आहे. खाली आलेली उशी कापण्याऐवजी तिच्या वरच्या भागातील श्लेष्मल त्वचेचा एक वलयाकार पट्टा काढावा, दोन्ही कडा पिनांनी जोडाव्यात आणि उशी वर ओढून मूळ जागी बसवावी, असा तिचा विचार आहे. जखम संवेदनशील त्वचेच्या वर राहत असल्याने वेदना कमी होणार, हे शरीररचनेच्या आधारे आधीच सांगता येत होते. उशी तेथे किती काळ टिकेल, हे मात्र कोणत्याही आकृतीवरून सांगता येण्यासारखे नव्हते.

पहिल्या काही आठवड्यांचा विजय

'लॅन्सेट' ह्या नियतकालिकाच्या मार्च २००० मधील एका अंकात लेस्टर व हल येथील दोन छोट्या यादृच्छिक चाचण्या पाठोपाठच्या पानांवर प्रसिद्ध झाल्या. पहिलीत २२ आणि दुसरीत ४० रुग्ण होते. दोहोंचा निष्कर्ष स्टेपलरला अनुकूल होता : वेदना कमी, कामावर परतणे लवकर. त्याच अंकात पुढे स्टेपलर शस्त्रक्रियेनंतर जीवावर बेतलेल्या ओटीपोटातील जंतुसंसर्गाविषयीचे एक टिपणही छापलेले आहे. त्याच वर्षी सेंट मार्क्समधील चिकित्सकांनी काही रुग्णांत दीर्घकाळ टिकणारी वेदना व शौचाची अनावर घाई आढळल्याचे नोंदवले. म्हणजे शंकेचे सूर पहिल्या वर्षापासूनच होते. तथापि पुढील काही वर्षांत चाचण्यांमागून चाचण्या झाल्या आणि बहुतेकांनी प्रामुख्याने तेच मोजले जे मोजणे सोपे होते : पहिल्या काही दिवसांची वेदना, रुग्णालयातील वास्तव्य, रजेचे दिवस. ह्या साऱ्या फलितांत स्टेपलर सरस ठरणे स्वाभाविकच होते.

ह्या मोजमापांना खोटे म्हणता येणार नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला आठ दिवस लवकर उभे राहता येणे ही क्षुल्लक बाब नव्हे. आक्षेप आहे तो ह्या फलितांना 'परिणाम' हे सरसकट नाव देण्यास. मूळव्याधीचा रुग्ण शस्त्रक्रियेला तयार होतो तो रक्त थांबावे व मोड बाहेर येऊ नये म्हणून. ते साधले की नाही, हे चौदाव्या दिवशी कळत नाही.

एकच पुरावा, दोन निवाडे

पुरेशा चाचण्या झाल्यावर त्यांचे एकत्रित विश्लेषण करण्याचे प्रयत्न झाले. कॅनडातील जयरामन व सहकाऱ्यांनी कॉक्रेन संस्थेसाठी २००६ मध्ये केलेला आढावा प्रामुख्याने दीर्घकालीन फलितांकडे पाहणारा होता. सात चाचण्यांतील ५३७ रुग्णांच्या आधारे त्यांनी दाखवले की, स्टेपलर गटातील २६९ पैकी २३ रुग्णांत मूळव्याध पुन्हा उद्भवली, तर पारंपरिक गटातील २६८ पैकी केवळ ४ रुग्णांत. त्यावरून काढलेले विषमता-गुणोत्तर ३.८५ इतके होते. पुनरुद्भव टाळणे हे ज्यांचे मुख्य ध्येय आहे त्यांच्यासाठी पारंपरिक शस्त्रक्रियाच मानदंड राहते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, मेलबर्न येथील त्यांद्रा व चॅन ह्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २५ चाचण्या व १९१८ शस्त्रक्रियांचा समावेश होता आणि पाठपुराव्याचा काळ एक महिन्यापासून ६२ महिन्यांपर्यंत होता. एक वर्ष वा अधिक काळानंतरचा पुनरुद्भव त्यांनाही स्टेपलर गटात अधिक आढळला : ५.७ टक्के विरुद्ध १ टक्का. तरीही त्यांचा अंतिम निष्कर्ष असा की स्टेपलर पद्धती सुरक्षित असून तिचे अल्पकालीन लाभ पुष्कळ आहेत आणि दीर्घकालीन फलिते पारंपरिक पद्धतीसारखीच आहेत.

बव्हंशी समान आधारसामग्रीवरून दोन आढावे परस्परविरोधी भासणाऱ्या निवाड्यांवर कसे पोहोचले, हा प्रश्न साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकालाही रोचक वाटावा. उत्तर आकड्यांत नसून आकड्यांना दिलेल्या अर्थात आहे. कॉक्रेनच्या लेखकांनी मोड पुन्हा दिसणे हेच अपयश मानले. त्यांद्रा व चॅन ह्यांनी लक्षणांचा व पुन्हा उपचार करावे लागण्याचा एकत्रित हिशेब केला आणि त्या हिशेबात फरक पुसट झाला. दोन्ही भूमिका तर्कतः समर्थनीय आहेत. तथापि 'दीर्घकालीन फलिते सारखीच' ह्या वाक्यात पाच पटींहून अधिक असलेला पुनरुद्भवाचा फरक झाकला जातो, हे नमूद करणे आवश्यक आहे. जो वाचक केवळ गोषवारा वाचतो, आणि व्यग्र चिकित्सक बहुधा तेवढेच वाचतो, त्याच्या मनात ते वाक्य ठसते. शिवाय एक महिन्याचा पाठपुरावा आणि ६२ महिन्यांचा पाठपुरावा एकाच तराजूत घातला की 'दीर्घकालीन' ह्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधील 'नाइस' ह्या मार्गदर्शक संस्थेने बाहेर येणाऱ्या अंतर्गत मूळव्याधीसाठी स्टेपलर शस्त्रक्रियेस एक पर्याय म्हणून मान्यता दिली. तत्कालीन पुराव्यांच्या मर्यादेत तो निर्णय अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु प्रश्न मिटला नव्हता.

ईथॉस चाचणी आणि छेदणाऱ्या दोन रेषा

ह्या वादावर निर्णायक प्रकाश टाकला तो वॉटसन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ईथॉस' चाचणीने. ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत ७७७ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून त्यांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. मुख्य फलित म्हणून एखाद्या आठवड्यातील वेदना निवडलेली नव्हती. चोवीस महिन्यांच्या कालावधीतील जीवनमानाची गुणवत्ता, म्हणजे आलेखावरील रेषेखालचे एकूण क्षेत्रफळ, निवडले होते. लेखकाच्या मते ह्या चाचणीचे खरे श्रेय ह्या निवडीत आहे. सुरुवातीचा लाभ व नंतरची हानी दोन्ही एकाच मापात सामावल्या जातात आणि संशोधकाला सोयीचा दिवस निवडता येत नाही.

पहिल्या सहा आठवड्यांत स्टेपलर गटाचे जीवनमान चांगले होते, वेदना कमी होत्या. त्यानंतर दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि पारंपरिक गट पुढे जातो. दोन वर्षांचे एकूण क्षेत्रफळ पारंपरिक शस्त्रक्रियेच्या बाजूने झुकले. गंभीर प्रतिकूल घटनांत मोठा फरक नव्हता : स्टेपलर गटात ७ टक्के, पारंपरिक गटात ९ टक्के. चोवीस महिन्यांनंतर मूळव्याध पुन्हा झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र स्टेपलर गटात सुमारे ४२ टक्के व पारंपरिक गटात सुमारे २५ टक्के होते. आर्थिक बाजूही तपासली गेली. स्टेपलर शस्त्रक्रिया दर रुग्णामागे सरासरी ३३७ पौंडांनी महाग पडली आणि तिने लाभ कमी दिला.

ह्या चाचणीच्या मर्यादा दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णास ठाऊक होते आणि दोन वर्षांनंतर सर्वांनीच प्रश्नावल्या भरून पाठवल्या नाहीत. तरीही सहा आठवड्यांवर थांबणाऱ्या अभ्यासाने विजेता म्हणून ज्याचे नाव घेतले असते, तो चोवीस महिन्यांनंतर पराभूत ठरतो, ही बाब ह्या मर्यादांनी पुसली जात नाही.

दीड टक्का की पंचवीस टक्के?

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे, कारण ह्या विषयावरील चर्चेत तिच्याकडे पुरेसे पाहिले जात नाही. कॉक्रेनच्या आढाव्यात पारंपरिक शस्त्रक्रियेनंतरचा पुनरुद्भव २६८ पैकी ४, म्हणजे सुमारे दीड टक्का. ईथॉसमध्ये त्याच वर्गातील शस्त्रक्रियेनंतर तो २५ टक्के. मधल्या दहा वर्षांत शल्यचिकित्सकांचे कौशल्य एवढे घसरले असे कोणी म्हणणार नाही.

पाठपुराव्याचा काळ हे एक कारण आहे, पण त्याने एवढी तफावत उलगडत नाही. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण हे की, जुन्या चाचण्यांत पुनरुद्भव बहुधा तपासणीच्या खोलीत शल्यचिकित्सकाच्या नजरेने ठरत होता, तर ईथॉसमध्ये तो रुग्णाने घरी बसून भरलेल्या प्रश्नावलीतून नोंदला गेला. आपण केलेल्या शस्त्रक्रियेचे अपयश आपणच नोंदवणे मानवी स्वभावाला जड जाते. आणि ज्या डॉक्टरांनी आपल्यासाठी कष्ट घेतले त्यांच्यासमोर 'अजून त्रास आहे' असे म्हणणे आपल्याकडील रुग्णाला तर विशेषच जड जाते. 'बरं आहे, साहेब' हे उत्तर आपल्या बाह्यरुग्ण विभागांत किती सहजपणे दिले जाते, हे सर्वज्ञात आहे. उलट बाजूही लक्षात घ्यावयास हवी. शस्त्रक्रियेनंतर राहिलेली त्वचेची लोंबती घडी हाताला लागली तरी रुग्ण तिला 'मोड पुन्हा आला' असे समजू शकतो. म्हणजे रुग्णाचे उत्तरही निखळ सत्य नव्हे. पण ते त्याच्या अनुभवाचे सत्य आहे, आणि ज्या विकारात मृत्यू क्वचितच संभवतो व उपचार केवळ त्रास कमी करण्यासाठी केला जातो, तेथे त्या अनुभवाहून वरचे न्यायालय कोणते असणार?

दोन्ही अभ्यासांत तुलनेची दिशा एकच आहे : स्टेपलरनंतर पुनरुद्भव अधिक. परंतु रुग्णाला संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी जो आकडा सांगावयाचा, तो तुलनेचा नसून प्रत्यक्ष प्रमाणाचा असतो. 'पारंपरिक शस्त्रक्रिया म्हणजे कायमचा निकाल' ही आपल्याकडील दृढ समजूतही ह्या पंचवीस टक्क्यांपुढे टिकत नाही.

पारंपरिक पद्धतीचे स्वतःचे दीर्घकालीन दोषही आहेत. अतिरिक्त त्वचा कापली गेल्यास गुदद्वार आकुंचन पावते. संकोचक स्नायूस इजा झाल्यास वायू वा मल रोखण्याची शक्ती उणावते. पुन्हा आलेला मोड रबर बँडने आवळता येतो, पण गमावलेले मलनियंत्रण पूर्ववत करणे दुष्कर असते. त्यामुळे केवळ पुनरुद्भवाच्या तक्त्यावरून श्रेष्ठत्व ठरवणे हाही एकांगीपणाच होय. २०१५ मध्ये सिमिलिस व सहकाऱ्यांनी ९८ चाचण्यांतील ७८२७ रुग्णांची व अकरा शस्त्रक्रियांची जी जाळेवजा तुलना केली, तीतही हाच पेच दिसतो : ज्यांत गुंतागुंत कमी त्यांपैकी काहींत पुनरुद्भव अधिक.

उपचार कोठे संपतो?

व्याख्येचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या एका पद्धतीचे उदाहरण उपयुक्त ठरेल. ब्राउन व सहकाऱ्यांच्या 'हबल' चाचणीत, जी २०१६ मध्येच प्रसिद्ध झाली, बाह्यरुग्ण विभागात करता येणारे रबर बँडचे बंधन आणि भूल देऊन डॉप्लर यंत्राच्या साहाय्याने केलेले धमनीबंधन ह्यांची ३७२ रुग्णांत तुलना झाली. एका वर्षानंतरचा पुनरुद्भव बँड गटात ४९ टक्के आणि धमनीबंधन गटात ३० टक्के. वरवर पाहता निकाल स्पष्ट आहे. परंतु बँड लावणारा कोणताही अनुभवी चिकित्सक रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगतो की हे एकाहून अधिक वेळा करावे लागेल. दुसऱ्या वेळचे बंधन हे अपयश न मानता उपचाराचाच भाग मानले, तर बँड गटातील प्रमाण ३७.५ टक्क्यांवर येते व दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण उरत नाही. खर्चातील फरक मात्र उरतो : धमनीबंधन दर रुग्णामागे सुमारे १०२७ पौंडांनी महाग. हाच मजकूर आपल्याकडील एखाद्या रुग्णालयाच्या पत्रकात आला असता तर त्यातील कोणता अर्धा भाग छापला गेला असता, ह्याचा अंदाज वाचकांनी करावा.

प्रसंगवशात एक गोष्ट. सुश्रुताने अर्शाचे चार उपाय सांगितले : भेषज, क्षार, अग्नी व शस्त्र. मोड कसा आहे, म्हणजे मृदू व पसरलेला, खरखरीत व कठीण, की बारीक मुळाचा व उंचावलेला, त्यावरून उपायाची निवड करावी असे तो सांगतो. आधुनिक चाचण्यांत तिसऱ्या व चौथ्या अंशाचे रुग्ण अनेकदा एकाच गटात कोंबले जातात. निरनिराळ्या रुग्णांसाठी निरनिराळी शस्त्रक्रिया योग्य असू शकेल, ह्या साध्या शक्यतेला सरासरीच्या आकड्यांत जागा राहत नाही.

आपल्याकडील संशोधनाचे वेळापत्रक

भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांतून ह्या विषयावर दरवर्षी प्रबंध लिहिले जातात आणि त्यांतील काही पुढे शोधनिबंध म्हणून नियतकालिकांत येतात. त्यांतील पाठपुरावा बहुधा तोकडा असतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. शल्यचिकित्सेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या नियमावलीनुसार प्रबंध अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर करावा लागे. परिषदेची जागा २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतल्यावरही अभ्यासक्रम तीन वर्षांचाच राहिला. विषयनिश्चिती, नीतिविषयक समितीची मंजुरी व लेखन ह्यांचा काळ वजा केला तर रुग्ण जमवणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे ह्या दोहोंसाठी दीड वर्षाच्या आसपास अवधी हाती राहतो. शेवटी दाखल झालेल्या रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन महिनेही येत नाहीत. ज्या काळात स्टेपलर जिंकतो, नेमका तेवढाच काळ आपल्या अभ्यासांच्या खिडकीतून दिसतो.

येथे महाविद्यालयीन नियतकालिकांची जबाबदारी सुरू होते. 'दीर्घकालीन' हा शब्द शीर्षकात वापरणाऱ्या निबंधास किमान पाठपुरावा किती, सरासरी किती नव्हे, हे विचारण्याचा अधिकार समीक्षकास आहे. सरासरी अकरा महिने असे लिहिणाऱ्या निबंधात निम्मे रुग्ण सहा महिन्यांपलीकडे पाहिलेलेच नसू शकतात. तसेच पुनरुद्भव कोणी ठरवला, हेही विचारले गेले पाहिजे. भारतातील चाचणी-नोंदवही २००७ पासून उपलब्ध आहे. मुख्य फलित कोणते व ते कोणत्या महिन्यात मोजणार, हे आधीच नोंदवलेले असेल तर सोयीचा दिवस नंतर निवडण्याची वाट बंद होते.

सध्या आपल्या शहरांत लेझर पद्धतीचा बोलबाला आहे. मोडाच्या आत तंतू घालून उष्णतेने तो आक्रसवण्याची ही कल्पना आकर्षक आहे आणि सुरुवातीच्या वेदना कमी असल्याचे सांगितले जाते. स्टेपलरविषयी २००० साली हेच सांगितले जात होते व ते खरेही होते. पाच वर्षांनंतरच्या फलितांची यादृच्छिक तुलना हाती येईपर्यंत ह्या पद्धतीविषयी अनुकूल वा प्रतिकूल मत ठामपणे मांडणे घाईचे ठरेल. अशी तुलना करण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. ज्या महाविद्यालयाचे रुग्ण एकाच जिल्ह्यातून येतात, त्याने एका पिढीच्या विद्यार्थ्यांनी जमवलेल्या रुग्णांची यादी पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. वर्षातून एकदा शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या कोणीतरी दूरध्वनी करून रक्त जाते का, मोड बाहेर येतो का, आणि दरम्यान अन्यत्र उपचार घेतले का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. आणि ज्यांच्याशी संपर्क झाला नाही त्यांची संख्या तळटीपेत न ढकलता मुख्य तक्त्यातच छापावी.